विंडोजचा परवाना जुन्या संगणकावरून नव्या संगणकावर नेताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

नवा संगणक घरी आला म्हणजे जुना लगेच फॉरमॅट करायचा, तो कोणाला तरी देऊन टाकायचा आणि मग नव्यावर विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही म्हणून प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा २५ अक्षरी संकेत, शोधत बसायचे, असे वारंवार घडते. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून तर फारच. जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही म्हणून लोक नवा घेतात आणि पैसे देऊन विकत घेतलेला परवाना जुन्याबरोबर गमावून बसतात. काम अवघड नाही, पण त्याचा क्रम उलटा करून चालत नाही. परवाना कोणत्या प्रकारचा आहे हे सर्वांत आधी पाहायचे आणि जुना संगणक पुसायचा तो सर्वांत शेवटी, नव्यावर सगळे सुरळीत चालू लागल्यानंतर.

पुढील माहिती विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्यासाठी आहे. या लेखात आज्ञा आणि सेटिंगची नावे देवनागरीत दिली असली, तरी संगणकावर आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत. उदाहरणार्थ, ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ याचा अर्थ ती पाच इंग्रजी अक्षरे सलग, मग एक मोकळी जागा, मग तिरपी रेघ आणि तिला चिकटून पुढची तीन अक्षरे.

टप्पा १: परवाना हलवता येण्याजोगा आहे का, ते पाहा

हा टप्पा गाळल्यामुळे जितका वेळ वाया जातो, तितका बाकीच्या सगळ्या चुकांमुळे मिळूनही जात नाही. विंडोजचे परवाने ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात आणि त्यांपैकी फक्त एकच प्रकार दुसऱ्या संगणकावर नेता येतो.

जुन्या संगणकावर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, कमांड प्रॉम्प्टवर उजवे क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ ही आज्ञा द्या. काळ्या खिडकीत लगेच काहीच दिसणार नाही. काही सेकंद थांबल्यावर एक लहान वेगळी चौकट उघडते. अनेक जण तेवढ्यात आज्ञा चुकली असे समजून ती पुन्हा पुन्हा देतात आणि मग एकामागून एक चौकटी येत राहतात. त्या चौकटीत ‘डिस्क्रिप्शन’ या ओळीच्या शेवटी ‘चॅनेल’ या शब्दाच्या आधी जे लिहिलेले असते, ते महत्त्वाचे.

‘रिटेल’ असे असेल, तर परवाना स्वतंत्रपणे विकत घेतलेला आहे आणि तो तुमच्या दुसऱ्या संगणकावर नेता येतो. अट एवढीच, की तो एका वेळी एकाच संगणकावर असावा, म्हणजे नव्यावर नेताना जुन्यावरून काढलाच पाहिजे.

‘ओईएम’ने (म्हणजे यंत्राबरोबरच दिलेला परवाना) सुरू होणारा शब्द असेल, तर तो परवाना त्या यंत्राशी जन्मभरासाठी बांधलेला आहे. ‘ओईएम_डीएम’ म्हणजे उत्पादकाने मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच (यंत्रातच कायम असणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बसवलेली प्रॉडक्ट की. विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये जवळजवळ सर्वत्र हेच असते. ती प्रॉडक्ट की एखाद्या सॉफ्टवेअरने वाचून काढता येते आणि तसे करून देणारे अनेक जण भेटतात, पण वाचता आली म्हणून ती हलवण्याचा अधिकार मिळत नाही आणि दुसऱ्या यंत्रावर तिच्या भरवशावर राहणे हा वेळेचा अपव्यय आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग घेऊन जुळवून घेतलेल्या संगणकाबरोबर मिळालेला परवाना रिटेल असू शकतो किंवा ओईएमही, म्हणून अशा संगणकाच्या बाबतीत बिलावरच्या शब्दांपेक्षा या चौकटीवर विश्वास ठेवावा.

‘व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट’ किंवा ‘व्हॉल्यूम_एमएके’ असे दिसले, तर परवाना एखाद्या संस्थेच्या नावाने आहे. कार्यालयाने निकालात काढलेला लॅपटॉप विकत घेतल्यावर असे हमखास आढळते. केएमएस पद्धतीचे, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत होणारे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांपुरतेच असते आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क तुटला म्हणजे ते कधी तरी संपतेच. ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ ही आज्ञा दिल्यास ॲक्टिव्हेशन कायमचे आहे की त्याला मुदत आहे, हे कळते. संस्थेचा परवाना तुमचा नाही, त्यामुळे तो हलवण्याचा प्रश्नच येत नाही. इंटरनेटवर काही शे रुपयांत मिळणाऱ्या प्रॉडक्ट कीसुद्धा पुष्कळदा याच जातीच्या किंवा ओईएमच्या निघतात. त्या काही महिने चालतात आणि नंतर बंद पडतात, म्हणून माझे स्पष्ट मत आहे की त्या घेऊच नयेत.

तपासणी: ‘रिटेल’ नसेल, तर येथेच थांबा. नव्या संगणकाबरोबर विंडोज आलेले असेल तर तेच वापरा, नसेल तर नवा परवाना घ्या. पुढचे टप्पे फक्त रिटेल परवान्यासाठी आहेत.

टप्पा २: प्रॉडक्ट की हातात आहे याची खात्री करा

त्याच चौकटीत ‘पार्शल प्रॉडक्ट की’ या ओळीत शेवटची पाच अक्षरे दिसतात. ती तुमच्या डब्यावरील, ईमेलमधील किंवा बिलासोबतच्या कार्डावरील प्रॉडक्ट कीच्या शेवटच्या पाच अक्षरांशी जुळवून पाहा. जुळली तर योग्य प्रॉडक्ट की सापडली. घरात दोन-तीन कार्डे असतील तर कोणते कोणत्या संगणकाचे, हे ठरवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

मात्र तेथे ‘३व्ही६६टी’ किंवा ‘८एचव्हीएक्स७’ दिसले, तर फसू नका. पहिली अक्षरे विंडोजच्या प्रो एडिशनच्या (प्रकाराच्या) आणि दुसरी होम एडिशनच्या सर्वसाधारण प्रॉडक्ट कीची आहेत. डिजिटल परवाना (प्रॉडक्ट कीऐवजी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर यंत्राच्या ओळखीने नोंदलेला परवाना) असलेल्या असंख्य संगणकांवर हीच असते, ती तुमची नव्हे, आणि तिने नवा संगणक ॲक्टिव्हेट होणार नाही. ‘हरवलेली प्रॉडक्ट की शोधून देणारी’ सॉफ्टवेअर बहुतेक वेळा हीच प्रॉडक्ट की दाखवतात आणि लोक ती जपून कागदावर लिहून ठेवतात. अशा वेळी मायक्रोसॉफ्ट खात्यातील खरेदीचा इतिहास पाहा, किंवा पुढे सांगितलेला खात्याचा मार्ग धरा.

प्रॉडक्ट की २५ अक्षरांची असते आणि ती वाचताना होणारी चूक ही ॲक्टिव्हेशन न होण्याचे अगदी साधे कारण आहे. कार्डावरचा छाप बारीक असतो, स्टिकर घासलेले असते, आणि इंग्रजी ‘बी’ की ८, ‘जी’ की ६, असा संभ्रम पडतो. यावर एक उपयोगी कसोटी आहे. विंडोजच्या प्रॉडक्ट कीमध्ये ०, १ आणि ५ हे अंक येतच नाहीत. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर येत नाहीत. एल, एस आणि झेड ही अक्षरेही येत नाहीत. त्यामुळे तुम्ही वाचलेल्या अक्षरांत शून्य आले असेल तर ते बहुधा ‘डी’ किंवा ‘क्यू’ आहे आणि पाच आला असेल तर तेथे दुसरेच काही आहे, हे न पाहताही सांगता येते. कार्डाचा भरपूर उजेडात फोटो काढा, तो मोठा करून पाहा आणि पाच-पाच अक्षरांचे गट पाडून वहीत उतरवा.

सावधान: हा फोटो किंवा कागद फक्त जुन्याच संगणकात साठवू नका. बिलाची प्रतही सोबत ठेवा, कारण मदत केंद्राशी बोलण्याची वेळ आली तर खरेदीचा पुरावा मागितला जाऊ शकतो.

टप्पा ३: जुन्या संगणकाची तयारी

पहिले काम परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याचे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन; विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. तेथे ‘ॲक्टिव्हेटेड विथ अ डिजिटल लायसन्स’ एवढेच लिहिलेले असेल, तर परवाना कोणत्याही खात्याशी जोडलेला नाही. ‘ॲड ॲन अकाउंट’ वापरून तुमचे खाते जोडा. काम झाले म्हणजे त्याच वाक्याच्या शेवटी ‘लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ हे शब्द येतात. ते दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. ही सोय विंडोज १० च्या २०१६ मधील १६०७ या आवृत्तीपासून आहे. प्रॉडक्ट की तुमच्याजवळ असली तरी हे करून ठेवावे, कारण एक वाट बंद झाली तर दुसरी उघडी राहते.

दुसरे काम अगदी किरकोळ वाटते, पण पुढे फार उपयोगी पडते: जुन्या संगणकाला ओळखू येईल असे नाव द्या. विंडोज स्वतःहून ‘डेस्कटॉप’ या शब्दापुढे सात निरर्थक अक्षरे लावून नाव ठेवते. घरातल्या चार यंत्रांची अशी चार नावे एकाखाली एक आली, म्हणजे कोणते कोणाचे हे मालकालाही सांगता येत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट येथे ‘रीनेम धिस पीसी’ आहे. नाव इंग्रजी अक्षरांत, १५ अक्षरांच्या आत आणि मधे जागा न सोडता ठेवावे, उदाहरणार्थ ‘जुना-टेबलपीसी’. त्यानंतर संगणक रीस्टार्ट करा.

तिसरे काम डेटाचे. फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडतात का, हे दोन-चार उघडून पाहा. टॅलीचा डेटा, ब्राउझरमधील पासवर्ड, ईमेलची स्थानिक फाइल आणि डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर या गोष्टी हमखास विसरल्या जातात. ऑफिस, अँटिव्हायरस यांसारख्या सॉफ्टवेअरचे परवाने वेगळे असतात आणि विंडोजबरोबर आपोआप जात नाहीत. त्यांचे साइन-आउट किंवा डीॲक्टिव्हेशन आत्ताच करून घ्या.

सावधान: डिस्क बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद आहे का, ते पाहा. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या अनेक लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. अशी डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली, तर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी उतरवून ठेवा. ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कोणीही परत देऊ शकत नाही.

टप्पा ४: जुन्या संगणकावरून प्रॉडक्ट की काढा

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर /यूपीके’ ही आज्ञा द्या आणि प्रॉडक्ट की यशस्वीरीत्या काढल्याची चौकट येईपर्यंत थांबा. नंतर ‘एसएलएमजीआर /सीपीकेवाय’ द्या, म्हणजे रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) उरलेली तिची नोंदही पुसली जाते.

याने फायली किंवा सॉफ्टवेअर यांना धक्का लागत नाही. संगणक चालू राहतो, फक्त काही काळाने ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ हे फिकट अक्षरांतले वाक्य कोपऱ्यात येते आणि पार्श्वभूमीसारख्या काही सेटिंग बंद होतात. नव्यावर काही बिनसलेच, तर तीच प्रॉडक्ट की येथे पुन्हा घालता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही आज्ञा प्रॉडक्ट की फक्त त्या संगणकावरून काढते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला ती ‘हा परवाना आता मोकळा झाला’ असे कळवत नाही. म्हणूनच सर्व काही नीट करूनही नव्या संगणकावर ‘ही प्रॉडक्ट की दुसरीकडे वापरात आहे’ असा संदेश येऊ शकतो. तसे झाले तर टप्पा ७ पाहा. मात्र तेवढ्यामुळे हा टप्पा गाळू नका, कारण जुन्यावरून काढणे ही परवान्याची अट आहे आणि मदत केंद्रातही पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

टप्पा ५: नव्या संगणकावर योग्य एडिशन बसवा

होमचा परवाना प्रोवर चालत नाही आणि प्रोचा होमवर. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आपल्याकडे घोटाळा होतो तो तिसऱ्या नावामुळे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ हे एडिशन असते आणि ते होमपेक्षा वेगळे मानले जाते, त्यामुळे साध्या होमची प्रॉडक्ट की त्यावर आपसूक बसेल असे धरून चालू नये. परवान्याचे एडिशन जुन्या संगणकाच्या ॲक्टिव्हेशन पानावर शब्दशः वाचून लिहून ठेवा. क्रमांकाची मात्र अडचण नाही: विंडोज १० प्रोचा परवाना विंडोज ११ प्रोवर चालतो.

नव्या संगणकावर विंडोज नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा. त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्या. इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की विचारली, तर ‘आय डोंट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडून पुढे जा आणि यादीतून नेमके एडिशन निवडा. ॲक्टिव्हेशन नंतर शांतपणे करता येते. इन्स्टॉलच्या मध्येच प्रॉडक्ट कीची चूक शोधत बसणे त्रासाचे आहे.

नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये होम सिंगल लँग्वेजची प्रॉडक्ट की असेल, तर पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना विंडोज ती वाचते आणि न विचारताच तेच एडिशन बसवते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ते बसू द्या. तुमच्याजवळ प्रोची रिटेल प्रॉडक्ट की असेल, तर ती पुढच्या टप्प्यात घातल्यावर संगणक पुन्हा इन्स्टॉल न करता प्रोमध्ये बदलतो.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी घड्याळ, तारीख आणि टाइम झोन बरोबर आहेत का ते पाहा. नव्या मदरबोर्डवर तारीख कधी कधी काही वर्षे मागची असते आणि तेवढ्याने ॲक्टिव्हेशन अडते. इंटरनेट चालू हवे.

टप्पा ६: ॲक्टिव्हेशन

प्रॉडक्ट की जवळ असेल, तर ॲक्टिव्हेशन पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’ दाबून ती घाला. हेच काम ‘एसएलएमजीआर /आयपीके’ आणि पुढे प्रॉडक्ट की, व त्यानंतर ‘एसएलएमजीआर /एटीओ’ या दोन आज्ञांनीही होते.

फक्त डिजिटल परवाना असेल, तर ज्या खात्याशी तो जोडला त्याच खात्याने नव्या संगणकावर साइन-इन करा. ते खाते तेथे ॲडमिनिस्ट्रेटर असले पाहिजे. ॲक्टिव्हेशन पानावर ‘ट्रबलशूट’ हे बटण येईल. ते विंडोज ॲक्टिव्हेट नसतानाच दिसते, त्यामुळे आधीच ॲक्टिव्हेट असलेल्या संगणकावर ते शोधण्यात अर्थ नाही. तपासणी अयशस्वी झाल्याचे सांगितल्यावर ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली’ निवडा. मग खात्याशी जोडलेल्या यंत्रांची यादी येते, आणि टप्पा ३ मध्ये दिलेले नाव येथे कामी येते. ज्या संगणकाचा परवाना आणायचा त्याचे, म्हणजे जुन्याचे नाव निवडा, ‘धिस इज द डिव्हाइस आय ॲम यूझिंग राइट नाऊ’ या ओळीला खूण करा आणि ‘ॲक्टिव्हेट’ दाबा. पुष्कळ जण येथे नव्या संगणकाचे नाव निवडतात. त्याच्याकडे परवानाच नसल्यामुळे काही घडत नाही.

तपासणी: ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ दिल्यावर ॲक्टिव्हेशन कायमचे असल्याचे दिसले पाहिजे. संगणक एकदा रीस्टार्ट करून पुन्हा पाहा.

टप्पा ७: अडल्यास

त्रुटीचा क्रमांक लिहून घ्या. त्याची शेवटची अक्षरे बरेच काही सांगतात.

‘सी००४सी००८’: प्रॉडक्ट की दुसऱ्या संगणकावर वापरात आहे अशी नोंद आहे. जुन्यावरून काढली असेल, तर स्टार्टमध्ये ‘एसएलयूआय ४’ ही आज्ञा देऊन देश निवडा आणि पडद्यावरील सूचनांप्रमाणे जा. तेथे दिसणारा इन्स्टॉलेशन आयडी ६३ अंकी असतो, नऊ गटांत विभागलेला. तो दिल्यावर मिळणारा ४८ अंकी कन्फर्मेशन आयडी इंग्रजी ए ते एच अशा आठ चौकटींत भरायचा असतो. हे न जमल्यास ‘गेट हेल्प’ ॲपमधून मदत केंद्राशी संपर्क साधा आणि जुन्यावरून प्रॉडक्ट की काढल्याचे आधीच सांगा.

‘सी००४एफ२१०’: एडिशन जुळत नाही. टप्पा ५ पुन्हा वाचा.

‘सी००४एफ०५०’: प्रॉडक्ट की चुकीची वाचली किंवा टाइप केली. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी प्रॉडक्ट की घातली असेल, तर त्या प्रॉडक्ट कीने विंडोज १० किंवा ११ नव्याने ॲक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आहे.

‘सी००४एफ२१३’: संगणकावर प्रॉडक्ट कीच सापडली नाही, ती घाला किंवा ट्रबलशूट वापरा.

‘सी००४एफ०७४’: संगणक संस्थेचा केएमएस सर्व्हर शोधतो आहे, म्हणजे परवाना मुळात रिटेल नव्हता.

टप्पा ८: आता जुना संगणक पुसा

नवा संगणक निदान आठवडाभर वापरून झाल्यावर, आणि जुन्यातले काहीच लागत नाही हे पटल्यावर, सेटिंग्जमधील रिकव्हरीत ‘रीसेट धिस पीसी’ उघडून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. संगणक घराबाहेर जाणार असेल, तर ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करा. याला काही तास लागू शकतात, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

यानंतर एक गोष्ट अवश्य पाहा. जुन्या यंत्राची ओळख सर्व्हरवर नोंदलेली असल्याने रीसेटनंतर ते कधी कधी आपोआप पुन्हा ॲक्टिव्हेट झालेले दिसते. परवाना आता नव्यावर आहे, त्यामुळे तो दोन्हीकडे वापरणे अटींत बसत नाही. तसे दिसल्यास ‘एसएलएमजीआर /यूपीके’ पुन्हा द्या आणि तो संगणक घेणाऱ्याला त्यासाठी वेगळा परवाना लागेल हे सांगा. जुना लॅपटॉप मूळचा होम सिंगल लँग्वेजचा असेल आणि त्यावर तुम्ही प्रोची रिटेल प्रॉडक्ट की घातली असेल, तर पेन ड्राइव्हवरून मूळचे एडिशन नव्याने बसवा. फर्मवेअरमधली त्याची स्वतःची प्रॉडक्ट की वाचली जाते, लॅपटॉप आपल्या मूळ परवान्यावर ॲक्टिव्हेट होतो आणि घेणाऱ्याला चालू विंडोजसह मिळतो.